सांत आन्नाच्या सुरकुत्या

गोझो, ५ मे २०१८

प्रिय चेत्ता,

तुझं ईस्टरचं पत्र केव्हाच पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवून ठेवली होती आणि ती मनासारखी पार पडली की मगच लिहायचं ठरवलं होतं. शाळेत सिस्टर बेनेदिक्ता म्हणायच्या, पावलीनाच्या तोंडात तीळ भिजत नाही. या वेळी आठ महिने राहिलं बघ.

आपल्या सांत आन्नाची मूर्ती दुरुस्तीला काढली हे तू गावाच्या ग्रुपवर वाचलंच असशील. देवळाच्या समितीने तिथे 'व्हॅलेटाची कार्यशाळा' एवढंच जाहीर केलं होतं. त्या कार्यशाळेच्या वतीने काम करणारी होती आपली ग्रात्सिएला. माझी भाची, आपल्या लुचियाची लेक. फ्लॉरेन्सला शिकून आल्यावर सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, हे तिचं पहिलं स्वतःचं काम. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर मी कुणाला लिहिलं नाही, तुलाही नाही. दृष्ट लागते गं.

तर गेल्या रविवारी देवळात मूर्तीवरचं कापड काढलं. आपण लहानपणापासून पाहिलेला तो गुलाबी, गुळगुळीत चेहरा आठवतो ना? तो मूळचा नव्हताच. १९३१ साली कुणा रंगाऱ्याने वर चढवलेला रंग होता. रीतसर परवानगी काढून ग्रात्सीने तो उतरवला. खाली मूळ चेहरा निघाला, म्हातारीचा. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, गळ्यावर सैल कातडी, आणि ओठ असे मिटलेले, की आता काहीतरी बोलेल. मी तिथेच रडले. आजी होती ना ती येशूची. म्हातारी असणारच.

देवळात कुणी काही बोललं नाही. चार जणी ग्रात्सीच्या गालाला गाल लावून गेल्या. आणि संध्याकाळी ग्रुपवर दोनशे बारा जणांनी तोंडसुख घेतलं. 'आमच्या आईला चेटकीण केलं.' 'हात मोडले पाहिजेत.' अगं, कुणीही आत यावं म्हणून दाराची किल्ली बाहेरच कुलपात ठेवणारी माणसं ही. मी आजारी पडले तर न विचारता आत येऊन चूल पेटवतील. सोमवारी पहाटे झेप्पीने नेहमीसारखा पाव दिला, वर गुडघ्याची चौकशी केली. आदल्या संध्याकाळी त्यानेच लिहिलं होतं की या पोरीला भिंती रंगवायलासुद्धा ठेवू नका.

सगळ्यात वाईट लिहिलं ते 'निवडुंग' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी. 'ही पोर आईशिवायच वाढली असणार. आई असलेली माणसं आईच्या चेहऱ्याशी असं करत नाहीत.' चेत्ता, लुचिया गेली तेव्हा ग्रात्सी सहा वर्षांची होती. हे ठाऊक असलेल्या कुणीतरी नेम धरून मारलं. पोरीने ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. आज सहा दिवस झाले, कार्यशाळेत गेलेली नाही.

अजून मूर्तीचे हात आणि शेजारची तिची लेक, छोटी मारिया व्हायची आहे. आता ८ जुलैला समितीची सभा आहे. चेहरा परत गुलाबी करायचा आणि उरलेलं काम ग्रात्सीकडून काढून घ्यायचं, यावर मतं घेणार. तूरिनच्या एका संग्रहालयाने तिला नोकरी देऊ केली आहे, उत्तर १० जुलैपर्यंत कळवायचंय. इथलं काम गेलं तर ती जाईल, आणि गेली की परत यायची नाही. गेलेलं कोण परत आलंय आपल्याकडे? (तुला टोमणा नाही. बरं, थोडा आहे.)

पण मी काही हातावर हात ठेवून बसणारी नाही. सभेला दोन महिने आहेत आणि मला या गावातलं प्रत्येक दार माहीत आहे. काय करायचं ते ठरलं आहे. मी स्वतः ग्रुपवर अक्षर लिहिलेलं नाही. देवळातल्या बायकांच्या मंडळाच्या नावाने कुणीतरी त्या निवडुंगाला खडसावलं म्हणे. कोण ते विचारू नकोस.

तुझी,
पावलीना


मेलबर्न, १७ मे

प्रिय पावली,

तुझं पत्र मिळालं. काम ग्रात्सीकडे होतं हे मला का नाही सांगितलंस? आठ महिने म्हणजे थोडे नाहीत. मला वाटलं, कुणी बाहेरची, व्हॅलेटाची बाई असेल. सगळे ग्रुपवर 'ती बाई, ती बाई' असंच म्हणत होते. नाव कुणीच घेतलं नाही.

दारोदार जाऊ नकोस. लोक लिहितात आणि विसरतात. त्या निवडुंगाला तर शोधूच नकोस. कुणी एकटं, अर्धवट माणूस असेल, तोंडाला येईल ते लिहिलं असेल. नेम धरून मारलंच असेल असं नाही. ती ओळ आता ग्रुपवर नाही. मी पाहिलं. काढून टाकलेली दिसते.

इकडे थंडी सुरू झाली. साल्वू गेल्यापासून घरात मी एकटी, दोनच खोल्या गरम ठेवते. डॅनी रविवारी मुलांना घेऊन येतो, नातवंडं आपसात इंग्रजीत बोलतात, मी जेवण वाढते. सणाला जुलैत गावी येणार असं ईस्टरच्या पत्रात लिहिलं होतं ना, ते आता जमेलसं वाटत नाही. कारण काही विशेष नाही.

ग्रात्सी जेवते का नीट? तेवढं कळव.

चेत्ता


गोझो, ३० मे

प्रिय चेत्ता,

हे काय पत्र आहे? एवढं तुटक तर तू साल्वू गेला तेव्हाही लिहिलं नव्हतंस. आणि येणं का रद्द? एकोणीस वर्षांनी येणार होतीस. कारण विशेष नाही म्हणे. ते विशेष नसलेलं कारण पुढच्या पत्रात व्यवस्थित लिही.

आता माझं ऐक. तू नको म्हणालीस तेव्हा माझी चार घरं झालीही होती. मी काय केलं सांगते. ज्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं, त्यांचं प्रत्येकाचं वाक्य मी वेगळ्या कागदावर उतरवून काढलं. शाळेतल्या वळणदार अक्षरात, समास सोडून. आणि तो कागद घेऊन ज्याच्या त्याच्या दारात गेले. म्हटलं, हे तुझं आहे, मला वाचून दाखव.

पहिली शेजारची रोझारिया. तिने लिहिलं काहीच नव्हतं, दुसऱ्यांच्या लिहिण्याला पसंतीचे अंगठे दिले होते, तर मी तीच वाक्यं उतरवली होती. मला म्हणते, "पावलीना, मी नुसता अंगठा दाबला गं. अंगठ्याने काय होतंय?"

म्हटलं, "एकशे चाळीस अंगठे झाले, रोझारिया. तेवढ्यांनी गळासुद्धा दाबता येतो."

मग ती तिथेच पायरीवर बसली. म्हणाली, "खरं सांगू? दुपारी घर खायला उठतं. तिथं सगळे जमलेले दिसले, मीही गेले." संध्याकाळी ग्रात्सीसाठी सशाचं कालवण घेऊन आली. पोरीने खोलीचं दार उघडलं नाही, तर पातेलं माझ्या ओट्यावर ठेवून डोळे पुसत गेली.

दुसऱ्या दिवशी विस्तिन. मिरवणुकीत मूर्ती खांद्यावर घेणाऱ्या आठ जणांचा तो म्होरक्या, अंगाने बैल. दारात जाळं विणत बसला होता. कागद हातात दिला.

"वाच."

"चष्मा नाहीये ताई."

"कपाळावर आहे."

त्याने चष्मा खाली ओढला. "'असल्या सुरकुतलेल्या म्हातारीला मी...'" आणि थांबला.

"पुढे वाच की."

"ताई, हे काही मोठ्यांदा म्हणायला लिहिलं नव्हतं."

"मग कशाला लिहिलं होतंस?"

"सगळे लिहीत होते."

आतून त्याची आई ओरडली. जुआना, अठ्ठ्याऐंशीची, कान अजून मांजरासारखे. "कोण आहे रे? काय वाचतोयस?"

"काही नाही आई. विजेचं बिल."

"बिलात सुरकुतलेली म्हातारी कुठून आली? सगळं वाच, मला ऐकू दे."

त्याने वाचलं चेत्ता. आईच्या समोर, शेवटपर्यंत. 'असल्या सुरकुतलेल्या म्हातारीला मी खांद्यावर घेणार नाही.' जुआनाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं आधीच कळलं. माझ्या वेळेला दुसरे चार बघून ठेवते." विस्तिन कानापर्यंत लाल झाला. मी निघाले तर गल्लीच्या टोकापर्यंत पाठोपाठ आला.

झेप्पीने मात्र वाद घातला. ते मला आवडलं. भट्टीसमोर उभा राहून म्हणाला, "मला तो चेहरा खरंच आवडला नाही, ताई. अजूनही नाही."

"नको आवडू दे. पण पोरीला भिंतही रंगवू देऊ नका, हे तिच्या तोंडावर म्हटलं असतंस?"

त्याने विचार केला. "नाही. तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही उलट बोलल्या असत्या, मग मी बोललो असतो, मग दोघांनाही दम लागला असता आणि मी तुम्हाला पाव बांधून दिला असता. तिथं कुणाला दमच लागत नाही. एक थांबला की दुसरा असतो."

पाव बांधणाऱ्याला जे कळतं ते सभेत बसणाऱ्यांना कळत नाही. मी घरी येताना तेच घोकत होते. दारात माणूस उभं असलं की त्याच्या पायातल्या झिजलेल्या सपाता दिसतात, चुलीवर काय शिजतंय त्याचा वास येतो, बोलता बोलता त्याचा चेहरा कुठे पडला ते कळतं आणि आपण आपसूक थांबतो. त्या काचेवर नुसती वाक्यं. वाक्याला लागतंय की नाही, कसं कळणार?

एकूण अकरा दारं झाली. नऊ जणांनी आपलं लिहिलेलं, नाहीतर आपला अंगठा, काढून टाकला. एकाने मला हाकललं, एक घरी नव्हता. सभेची मला आता भीती वाटत नाही.

पण ग्रात्सी उठत नाही. मी तिला एकेक हकिगत सांगते, विस्तिनच्या आईचं ऐकून हसलीसुद्धा. मग म्हणाली, "मावशी, त्या सगळ्यांना चेहरा आवडला नाही. ते चालेल मला. त्या एकाला मी आवडले नाही." ओळ काढून टाकली काय नि ठेवली काय, तिला ती पाठ झाली आहे. तूरिनला होकाराचं पत्र तिने लिहून ठेवलंय, फक्त टाकायचं बाकी आहे. सभेत आम्ही जिंकलो तरी ती जाईल.

तो निवडुंग मला सापडायला हवा. माझ्याकडे त्याचाही कागद तयार आहे.

पावलीना


मेलबर्न, १० जून

पावली,

तो कागद इकडे पाठव. तो माझा आहे.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. आता पुढचं पटपट लिहिते, नाहीतर होणार नाही.

हे टोपणनाव मी दोन वर्षांपूर्वी घेतलं, साल्वू गेल्यावर. आधी नुसती वाचत होते. मग एकदा केपरच्या कळ्या खारवण्यावरून कुणीतरी काहीबाही लिहिलं, मी त्याला दुरुस्त केलं, तेही जरा फाडून. तर पंधरा जणांना ते आवडलं. पावली, या देशात चव्वेचाळीस वर्षं झाली. आपल्या भाषेत मी बोलले आणि पंधरा जण हसले, असं इथे कधी घडलं नव्हतं. गोड लिहिलं की दोघं-तिघं. टाकून बोललं की पन्नास. मी तेच करत गेले. दुपारचे चार वाजले की हीटरजवळ बसून वाट बघायची, कोण काय म्हणतंय.

सांत आन्नाचा जुना चेहरा, तो गुलाबी, माझ्या पाकिटात आहे. १९७४ ला निघताना आईने दिलेलं चित्र. मी इथे म्हातारी झाले, त्याचं काही नाही. पण तिकडे ती तशीच असेल असं मी धरून चालले होते. ग्रुपवर तो नवा चेहरा पाहिला आणि वाटलं, कुणीतरी माझ्या पाठीमागे माझं घर पाडलं. कोणी केलं ते मी बघितलंच नाही. 'ती बाई' एवढंच. आईवरून बोललं की लागतं, म्हणून बोलले. ग्रात्सीला आई नाही, हे माझ्या मनातही नव्हतं. नेम धरला नव्हता. अंधारात दगड टाकला आणि तो तुझ्या घरात पडला. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं. त्याच दुपारी ओळ काढली. तुला सांगायचं धैर्य मात्र झालं नाही.

येणं का रद्द केलं तेही सांगते. तुमच्या मंडळाच्या नावाने उत्तर आलं होतं, 'तोंड लपवणाऱ्या, तुझ्या मरणाला या गावात घंटा वाजणार नाही.' कुणी लिहिलं ठाऊक नाही. मला तिकडे, आईशेजारी पुरावं अशी माझी इच्छा आहे हे तुला माहीत आहे. ते वाचून मी तिकीट रद्द केलं. बरोबरच लिहिलं होतं म्हणा.

सोबत ग्रात्सीसाठी पत्र ठेवलं आहे. क्षमा मागितली आहे. सभेत वाचून दाखवायचं तर दाखव, माझ्या नावासकट. तू मला लिहिणं थांबवलंस तरी मी समजेन.

चेत्ता


गोझो, २० जून

चेत्ता,

तुझं पत्र मी जिन्यात उभ्यानेच वाचलं आणि दिवसभर स्वयंपाकघरात आदळआपट केली. एक बशी फुटली. पत्र थांबवण्याचा प्रश्न नाही. पंचावन्न वर्षांची मैत्री आहे, ती काय रविवारी बंद राहणारं दुकान आहे?

आधी माझं. ती घंटेची ओळ मी लिहिली. मंडळाच्या ग्रुपवरच्या खात्याची किल्ली पाच जणींकडे आहे, त्यातली एक मी. ग्रात्सीने फोन पालथा ठेवला, मी माझा उचलला. लिहिताना काय बरं वाटलं ते तुला सांगून चालायचं नाही, पण तुला कळेल. इतका गोड राग मला आयुष्यात आला नव्हता. समोर कुणी नव्हतंच ना. मी एका निवडुंगाच्या झाडाला बोलत होते. आणि अकरा जणांच्या दारात त्यांचे कागद घेऊन गेले, माझा स्वतःचा कागद मात्र लिहिलाच नाही. आता लिहिला. तुला वाचून दाखवेन, मोठ्याने. घंटा तुझ्यासाठी वाजेल, आणि मी आधी गेले नाही तर दोरी मीच ओढेन.

आता तुझं. ग्रात्सीसाठीचं पत्र मी तिला दिलेलं नाही. चांगलं आहे, सिस्टर बेनेदिक्तांनी पैकीच्या पैकी दिले असते. पण चेत्ता, तोही कागदच. त्यामागेही तू बसलेली असणार आणि ती वाचताना तिचं काय होतं ते तुला दिसणार नाही. मी तिला तुझं नाव सांगितलं आहे. ती बराच वेळ गॅलरीत उभी राहिली.

१ जुलै, रविवार. आमच्या सकाळी दहाला, तुमच्या संध्याकाळी सहाला. डॅनीकडून तो चेहरा दिसणारा फोन लावून घे आणि मग त्याला बाहेर पाठव. इथे मी फोन टेबलावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवेन आणि मीही बाहेर जाईन. तुला जे म्हणायचं ते तिच्याकडे बघून म्हण. घाबरू नकोस. विस्तिनला जमलं, तुला जमेल.

पावलीना


मेलबर्न, २ जुलै

प्रिय पावली,

ग्रात्सीने तुला किती सांगितलं मला ठाऊक नाही, म्हणून मी सांगते.

डॅनीने फोन लावला आणि विचारलं, "मम्मा, मी बसू का जवळ?" म्हटलं, नको. त्याला अंगणात पाठवलं. मग ती दिसली. पावली, लुचियाचं कपाळ आहे गं तिला. तू कधी लिहिलं नाहीस. मी सगळं पाठ केलं होतं, ते विसरले.

तीच म्हणाली, "चेत्तामावशी, ती ओळ म्हणा. मला ती वाचलेलीच माहीत आहे, ऐकायची आहे."

मी म्हटलं, "बाळा, ते नको."

"मला रोज तीच ऐकू येते, आणि रोज वेगळ्या माणसाच्या आवाजात. रोझारियाकाकूंच्या, फादर अंतोनच्या, विस्तिनच्या. एकदा खऱ्या आवाजात ऐकू दे, म्हणजे बाकीचे सुटतील."

मी म्हटली. सगळी. शेवटच्या शब्दांना तिचा चेहरा असा पडला, पावली, की मी फोन उलटा ठेवणार होते. ठेवला नाही. बघत राहिले. तीही बघत राहिली. मग मी म्हणाले की मी चुकले.

तिने विचारलं, "खरंच तुम्हाला तो चेहरा नाही आवडला?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "नाही आवडला. माझी आई अशी दिसायच्या आधीच गेली. मी स्वतः मात्र आता अशी दिसते." तर ती पुढे झुकली आणि काचेतून माझा चेहरा निरखायला लागली, तुमची ती मूर्ती निरखत असेल ना, तशी. म्हणाली, "जरा उजेडात या." मी खिडकीशी गेले. बाहेर अंधार पडला होता, म्हणून दिवा लावला. ती कितीतरी वेळ बघत होती.

शेवटी म्हणाली, "मी माफ केलं असं आज म्हणणार नाही. उगाच म्हणून टाकायचं नाही मला. पण तुम्ही सणाला या. मूर्ती बाहेर येईल तेव्हा मला तुम्ही चौकात दिसायला हव्यात."

मी विचारलं, "आणि तू असशील का तिथे?"

तिने फोन ठेवला.

तिकीट परत काढलं आहे. २४ जुलैला, मंगळवारी पोचते. ती तूरिनला गेलेली असली तरी मी येणार. चौकात उभी राहणार, एवढं मी कबूल केलं आहे.

तुझी,
चेत्ता


गोझो, ९ जुलै

प्रिय चेत्ता,

हे पत्र तू निघायच्या आधी पोचावं म्हणून तातडीच्या टपालाने टाकते आहे.

काल सभा झाली. शाळेच्या सभागृहात, पंख्याखाली, सगळे एकमेकांच्या घामाच्या वासात. तेवढं बरं असतं. झेप्पीने उभं राहून सांगितलं की मला चेहरा आवडलेला नाही, पण परत रंग चढवू नये, कारण खोटं दोनदा करू नये. विस्तिन म्हणाला, आम्ही आठ जण उचलणार आहोत, आणि एवढंच बोलून खाली बसला. एकतीस मतं आपल्याकडे, चौदा तिकडे. त्या चौदांशी मी अजून बोलते आहे.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पण तो निवडुंग कोण, ते शोधून काढा की. त्याला गावासमोर उभा करा." लगेच सगळीकडे कुजबुज. हा असेल, तो असेल. तीन-चार जणांची नावंही निघाली, त्यांनी नाकारली, आवाज चढले.

ग्रात्सी दारापाशी उभी होती. ती आलीय हे मला माहीतसुद्धा नव्हतं. म्हणाली, "मला ठाऊक आहे कोण ते. आमचं बोलणं झालंय, समोरासमोर. ज्याला आणखी बोलायचं असेल त्याने माझ्याशी बोलावं. उद्यापासून मी कार्यशाळेत आहे, हात व्हायचे आहेत अजून."

लोक खुर्च्या सारून उठले. आज सकाळी ती सातला गेली. तूरिनला तिने काय कळवलं ते मी विचारलेलं नाही. होकाराचं पाकीट चुलीशेजारी फाडलेलं दिसलं, तेवढं पाहून मी केर काढला.

तुझ्याबद्दल फक्त रोझारियाला सांगितलंय, की चेत्ता येतेय. ती म्हणाली, एवढ्या उन्हात चौकात खुर्ची टाकू या तिच्यासाठी. मी विचारलं ग्रात्सीला. ती म्हणाली, "खुर्ची नको. माझ्या शेजारी उभ्या राहतील."

तुझी,
पावलीना